फोटो ज्याचा त्याला

इन्स्टॅक्स मिनी कॅमेऱ्यातून बाहेर पडणारा फोटो ८६ बाय ५४ मिलिमीटरचा असतो. आधारचं प्लास्टिकचं कार्डही त्याच मापाचं. दोन्ही सदऱ्याच्या खिशात बसतात, दोन्हींवर चेहरा असतो. आधारवरचा चेहरा दुसऱ्याच कुणाला तरी पाहायचा असतो: बँकेतल्या कारकुनाला, रेशन दुकानदाराला, सिमकार्ड विकणाऱ्या पोराला. ज्याचा चेहरा आहे तो स्वतः सहसा तिकडं बघत नाही, आणि बघितलाच तर 'हा मी?' म्हणून हसतो. इन्स्टॅक्सच्या कार्डाला असलं काही कामच नाही. ते कुठल्या खिडकीवर चालत नाही, त्यानं काही सिद्ध होत नाही, हरवलं तर दुसरं मिळत नाही.

तरीही लोक त्यासाठी साठ-सत्तर रुपये मोजतात. २००८ साली ज्या धंद्याचं मयत झालं असं सगळ्यांनी धरलं होतं, तो झटपट फोटोचा धंदा आज पुन्हा जोरात आहे. पुण्या-मुंबईच्या कॅफेतल्या भिंतींवर दोरीला चिमट्यांनी लटकवलेले हे फोटो दिसतात. सांगली-कोल्हापूरकडच्या लग्नांतही आता स्टेजच्या बाजूला आकाशी नाहीतर गुलाबी रंगाचा कॅमेरा घेऊन करवलीच्या वयाची एक मुलगी उभी असते. पाहुण्यांचा फोटो निघतो, तो वहीत चिकटवला जातो, शेजारी पाहुणा चार शब्द लिहितो. पाहुणा घरी जातो तो मात्र रिकाम्या हातानं. ही शेवटची गोष्ट मला खटकते, आणि पुढचं सगळं तिच्याचबद्दल आहे. या फिल्मच्या चाहत्यांनी तिची बाजू घेताना सांगितलेली बहुतेक कारणं लंगडी आहेत. एकच धडधाकट आहे, आणि ते कॅफेपेक्षा आटपाडी-खरसुंडीच्या बाजारात जास्त नीट कळतं.

आधी थोडा इतिहास. १९४३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सांता फे इथं सुट्टीवर असताना एडविन लँड या संशोधकाला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, आत्ता काढलेला फोटो मला आत्ताच का बघता येत नाही? ही गोष्ट पोलरॉइडच्या पुराणात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला सत्यनारायणाच्या कथेची कळा आली आहे. पण पुढचं काम खरं. २१ फेब्रुवारी १९४७ ला लँडनं न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर प्रयोग करून दाखवला, आणि २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात ८९ डॉलर ७५ सेंटला पहिला कॅमेरा विकायला ठेवला. १९६३ मध्ये रंगीत फिल्म आली. १९७२ मध्ये एसएक्स-७० आला, आणि त्यानं खरी कमाल केली. तोवरच्या फिल्ममध्ये मिनिटभर थांबून वरचा कागद सोलावा लागे. आता सोलायचं काही उरलं नाही, फोटो उजेडात, डोळ्यांदेखत तयार होऊ लागला.

त्याची करामत बघण्यासारखी आहे. फोटोखालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची एक चपटी पुडी दडवलेली असते. बटण दाबलं की फोटो दोन पोलादी रुळांमधून बाहेर ढकलला जातो, पुडी फुटते आणि रसायन आतल्या थरांमध्ये अगदी पातळ पसरतं. खालचे थर निगेटिव्हचं काम करतात. जिथं प्रकाश पडला तिथली चांदी रंगाला जागीच अडवून धरते. जिथं पडला नाही तिथला रंग सुटून वर चढतो आणि वरच्या थरात ठरतो. हे सगळं भर उन्हात व्हायचं, म्हणून रसायनातच एक गडद द्रव्य मिसळलेलं असतं. ते वरून येणारा उजेड रोखून धरतं आणि आतलं काम उरकत आलं की पारदर्शक होतं. म्हणजे अंधारी खोलीच कागदाच्या आत घातली. एका गाण्यानं २००३ मध्ये हा फोटो झटकायची फॅशन जगभर पसरवली, तेव्हा झटकू नका, थर सुटतात, असं कंपनीला जाहीर सांगावं लागलं होतं. आपल्याकडची पोरं अजून झटकतात.

डिजिटल कॅमेरे आले आणि २००१ मध्ये पोलरॉइडनं दिवाळखोरी जाहीर केली. फेब्रुवारी २००८ मध्ये फिल्म बंद करत असल्याचं सांगितलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावातला शेवटचा कारखाना बंद व्हायच्या कार्यक्रमात फ्लोरियान काप्स हा फिल्मवेडा व्यापारी आणि आंद्रे बोसमान हा तिथलाच अभियंता यांची गाठ पडली. त्यांनी एकतीस लाख डॉलरला यंत्रं घेतली आणि जुन्या कामगारांतले काही हाताशी धरून 'इम्पॉसिबल' नावानं काम सुरू केलं. यंत्रं होती, पण जुनी रसायनं बनवणारेच उरले नव्हते. सूत्र नव्यानं बांधावं लागलं. २०१० मध्ये आलेली त्यांची पहिली फिल्म इतकी हळवी होती की फोटो बाहेर पडल्या क्षणी कोटाआड लपवावा लागे, नाहीतर उजेडानं खलास. लोकांनी तरी घेतली. २०१७ मध्ये याच मंडळींकडं पोलरॉइडचं नाव आलं. तिकडं जपानच्या फुजीनं १९९८ मध्ये काढलेला इन्स्टॅक्स २००४ च्या सुमारास वर्षाला लाखभर कॅमेऱ्यांपर्यंत घसरला होता. २०१८ च्या आर्थिक वर्षात तो एक कोटीवर गेला.

एवढ्या उलथापालथीला 'जुन्याची ओढ' हे कारण पुरत नाही. आज इन्स्टॅक्स घेणारी विशीतली मुलगी कुठल्या जुन्याकडं वळणार? तिच्या लहानपणी घरात मोबाइलच होता. आपल्याकडं तर ही ओढ असायचंही कारण नाही. आपल्या आई-वडिलांच्या पिढीचा कॅमेरा म्हणजे बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो. पोलरॉइड होता तो परदेशातून आलेल्या काकांच्या गळ्यात. ज्यांच्याकडं तो कधी नव्हताच त्यांना त्याची आठवण तरी कशी यावी?

दुसरं कारण सांगतात संथपणाचं. डबीत दहाच फोटो, म्हणून माणूस विचार करून काढतो, म्हणे. लग्नातली ती करवली बघा. रांगेतल्या पाहुण्यांना ती 'काका, इकडं बघा' म्हणते आणि बटण दाबते. विचार कुणीच करत नाही, तिनंही करू नये. विचार करायला लावणारी गोष्ट फिल्मची किंमत आहे, आणि महागाईला साधना म्हणायची गरज नाही.

तिसरं कारण सध्या जास्त ऐकू येतं: आता यंत्र खोटे फोटो बनवतं, तेव्हा फिल्मवरचा फोटो तेवढा खरा. हे कारण फुजीनंच मोडीत काढलं. मोबाइलमधला कुठलाही फोटो इन्स्टॅक्सच्या फिल्मवर छापून देणारे छोटे प्रिंटर तिनं २०१४ पासून विकले, आणि २०१७ मध्ये असा कॅमेराही आणला जो आतून डिजिटल आहे आणि बाहेर फिल्म काढतो. आज संगणकानं बनवलेला, कधीच न जगलेला चेहराही त्या पांढऱ्या चौकटीत ऐटीत बसतो. चौकट बघून विश्वास ठेवायचे दिवस गेले.

उरतं एक. साध्या कॅमेऱ्यातून निघालेल्या या फोटोला प्रत नाही. एक कागद आहे आणि तो एकाच्याच हातात असू शकतो. मी तो दिला तर माझ्याकडं काही राहत नाही. चाहते ही गोष्ट 'एकमेवाद्वितीय' असा शब्द वापरून सांगतात आणि तिथंच घसरतात, कारण त्यांच्या मनात संग्रह असतो. 'माझ्याकडं आहे तो जगात दुसऱ्या कुणाकडं नाही.' यातला 'माझ्याकडं' काढून टाका, मग त्या फिल्मचा खरा गुण हाती लागतो.

तो गुण कळायला माणदेशासारखा मुलूख बरा. त्यातली आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी औंधला उभारलेलं चित्रसंग्रहालय आजही बघायला माणसं जातात. त्याच राजानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंती नसलेली वसाहत वसवली, आणि शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी त्यावर रचलेल्या कथेचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये देशभर गेला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. शंकरराव खरातही इथलेच. एवढ्या कोरड्या तालुक्याची एवढी वर्णनं झाली आहेत की एखाद्या सुपीक तालुक्याला हेवा वाटावा. लिहिणारे इथलेच होते, हे या मुलखाचं भाग्य. फोटोच्या बाबतीत ते भाग्य त्याला लाभलं नाही. फोटो काढणारे बाहेरून आले.

१९७२ घ्या. अमेरिकेत एसएक्स-७० बाजारात येत होता त्याच हिवाळ्यात माणदेशात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. जनावरं कवडीमोलानं गेली होती, पोटात सुकडी होती. त्या दुष्काळाचे फोटो वर्तमानपत्रांत आले, पुढं पुस्तकांत गेले. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, भेगाळलेल्या तलावात उभा म्हातारा. ते काढायला हवे होते, त्यांनी सरकार हललं असेल तर उत्तमच. पण त्या फोटोतल्या बाईच्या घरी तो फोटो गेला का? तिचं नाव हजेरीपटावर होतं, अंगठा होता, आणि चेहरा पुण्या-मुंबईच्या छापखान्यात. तिच्या नातवंडांना आजी तरुणपणी कशी दिसत होती ते ठाऊक नाही. कुठल्याशा ग्रंथालयातल्या फायलीला ठाऊक आहे.

अभ्यासकांचं तेच. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या मागं वाड्यावस्त्यांवर वर्षानुवर्षं हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी केलेलं काम इतकं मोठं आहे की मराठी माणसानं त्यांच्या ऋणातच राहावं. त्यांनी ओव्या टेपवर घेतल्या, चित्रफिती केल्या. अभ्यासाचा स्वभावच असा की जमवलेलं अभ्यासकाबरोबर जातं, नाहीतर जपलंच जाणार नाही. तक्रार करायची नाही. हिशेब मात्र मांडून ठेवायचा: ज्यांच्याकडं बघितलं गेलं त्यांच्या वाट्याला बघितल्याचं काही आलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलपूर्वीचं. बरोबर आहे, आणि हा आक्षेप साधा नाही. आज आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात हजारभर कॅमेरे फिरत असतात, आणि ते धनगरांच्याच पोरांच्या हातात असतात. २०२० च्या डिसेंबरात इथल्याच बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकानं दीड कोटी सांगितले. मेंढ्याचं नाव मोदी. दोन दिवसांत त्या मेंढ्याचं बाकदार नाक अख्ख्या देशानं बघितलं. माणदेशाच्या इतिहासात एवढे फोटो कुठल्या माणसाचे निघाले नसतील. ज्या मुलखाचे फोटो परके काढत होते तो आता स्वतःचे रील स्वतः करतो, वर गाणं लावतो. मग एका जपानी कंपनीचा साठ रुपयांचा कागद नेऊन त्यांच्यावर उपकार कसले करायचे?

याचं उत्तर मला खरसुंडीत मिळालं, पौषातल्या यात्रेत. सिद्धनाथाच्या या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. खिलारच्या एका जातीला 'आटपाडी महाल' असंच नाव आहे, त्यामुळं इथला बैलवाला जरा छाती काढूनच उभा असतो. तसाच एक म्हातारा खोंडाचं दावं धरून उभा होता. खोंड पांढराशुभ्र, शिंगं रंगवलेली, कपाळाला गोंडा. मी इन्स्टॅक्स काढल्यावर त्यानं पटका सारखा केला, खोंडाची मान वर धरली. बटण दाबलं, कार्ड बाहेर आलं. त्यानं ते दोन बोटांत धरून बघितलं.

"आलाच न्हाई की ओ ह्यात काय."

"थांबा बापू, येतोय."

आधी पटका आला, मग मिशा, मग मागच्या छकड्याचं चाक. खोंड काही येईना. या फिल्मला पांढरं झेपत नाही, त्यात फ्लॅश पडलेला; खोंडाची नुसती शिंगं आणि डोळे उमटले, मधला बैल उजेडात विरघळला. ज्याच्यासाठी फोटो काढायचा तोच गायब. मी ओशाळलो. म्हातारा मात्र खूश. "माझा ब्येस आलाय. खोंडाला काय, त्येला पोरं लई काढत्यात." मग विचारलं, "ह्यो तुमचा का माजा?"

"तुमचा."

"मग तुमच्याकडं काय ऱ्हायलं?"

"काही नाही."

त्याला ते पटलं नसावं. त्यानं दोनदा कॅमेऱ्याकडं बघितलं, आत आणखी एक असणार अशा हिशेबानं. मग बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तीत घडी केलेल्या नोटा, आधार आणि कसलीशी पावती होती. आधारच्या मागं फोटो घातला. जाताना म्हणाला, "नातवाच्या मोबाइलात माझं रग्गड हाईत. पर मोबाइल त्यो घिऊन जातो."

मोबाइलच्या बाजूचा सगळा युक्तिवाद या वाक्यापाशी अडतो. फोटोंचा दुष्काळ संपला, हे खरं. पण फोटो कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न तसाच आहे; फक्त परक्या पाहुण्याच्या जागी नातू आला, आणि नातवाच्या मागं कुठल्यातरी कंपनीचा सर्व्हर. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पाठवतो' म्हणतात त्यात पाठवणाऱ्याचं काही कमी होत नाही. मूळ माझ्याकडं, प्रत तुमच्याकडं, तुमच्याकडं फोन असलाच तर. इन्स्टॅक्सवाला फोटो देतो तेव्हा त्याच्या हातून काहीतरी जातं. म्हाताऱ्याच्या प्रश्नात तोच व्यवहार होता: माझं झालं, तुझं काय? बाजारात उभ्या माणसाला सौद्याची दुसरी बाजू लगेच दिसते.

म्हणूनच चाहत्यांच्या एका सवयीवर माझा राग आहे. कार्ड तयार झालं की आधी मोबाइलनं त्याचा फोटो घ्यायचा, इन्स्टाग्रामवर टाकायचा आणि मग समोरच्याला मूळ कागद द्यायचा. कागद दिला हे खरं, पण चेहरा ठेवून घेतला. असल्या फोटोंखाली 'अनोळखी माणसाला दिलेली भेट' अशा मजकुराच्या ओळी असतात, पुढं हृदयाचं चिन्ह. भेट दिली तर दिली. तिची पोच जगाकडून कशाला हवी?

याच्याही पुढं जायला हवं, कारण देण्याचा गुण फिल्ममध्ये आपोआप भरलेला नाही. याच रसायनानं उलटं कामही केलं आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाला पासबुक बाळगल्याशिवाय फिरता येत नसे, आणि त्या पासबुकांतल्या फोटोंसाठी पोलरॉइडची ओळखपत्रं करणारी यंत्रणा वापरली गेली. दोन मिनिटांत फोटो, दोन मिनिटांत पास. १९७० मध्ये कंपनीतच काम करणाऱ्या कॅरोलीन हंटर आणि केन विल्यम्स यांना हे समजलं आणि त्यांनी कंपनीविरुद्ध चळवळ उभी केली. १९७७ मध्ये पोलरॉइडला तिथून बाहेर पडावं लागलं. तिथंही फोटो ज्याचा त्याच्याच खिशात होता. तो खिशात नसला तर तुरुंग होता. म्हणजे कागद हातात येणं एवढ्यानं भागत नाही. तो फेकून द्यायची, चुलीत घालायची, देवघरात ठेवायची मोकळीक असली तरच तो आपला. आधार आणि इन्स्टॅक्स एका मापाचे, हा योगायोग आहे. पण म्हाताऱ्याच्या पिशवीत ते पाठीला पाठ लावून बसले तेव्हा एकाला सोडायची सोय नव्हती आणि दुसऱ्याला ठेवायची सक्ती नव्हती.

या मुलखाचं आणि फोटोचं एक नातं आणखी आहे, चांदीचं. खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं दुष्काळानं घर सोडून गलाईच्या धंद्यात गेली. कोलकात्यापासून केरळपर्यंत सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात शुद्ध करून देणारा मराठी माणूस भेटला तर तो बहुधा विट्याच्या नाहीतर आटपाडीच्या बाजूचा. फोटो हा मुळात चांदीचा धंदा. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या काळात स्टुडिओतल्या वापरलेल्या हायपोच्या द्रावणात चांदी उतरायची, जुन्या निगेटिव्हमध्ये आणि एक्स-रेच्या फिल्ममध्ये ती असायची, आणि ती काढून विकणारे असायचे. कितीतरी गावांतल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह अशाच भंगारात गेल्या. लग्नं, मुंजी, पैलवान, शाळेचे गट, सगळ्यांचा चेहरा धुऊन निघाला आणि चांदी बाजारात परत आली. झटपट फोटोत हे होत नाही. त्याची चांदी, रंग, निगेटिव्ह, सगळं त्या कार्डातच बंद राहतं. गलाईवाल्याच्या दृष्टीनं वाया गेलेला माल. घर गावाकडं आणि कर्ता माणूस दोन हजार किलोमीटरवर, अशा संसारांत फोटोचं मोल काय होतं ते जुन्या पत्रांच्या पेट्या उघडल्या की दिसतं: बाळाचा एक फोटो पाकिटात घालून पाठवायला तालुक्याला जाऊन स्टुडिओत बसावं लागे, आणि प्रिंट मिळायला आठवडा. त्या घरांना लँडच्या मुलीचा प्रश्न कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता या फिल्मचे दोष, कारण ते बरेच आहेत आणि चाहते ते पदराखाली झाकतात. पोलरॉइडची फिल्म १३ ते २८ अंश तापमानात नीट चालते. त्यावर गेली की फोटोला पिवळट-लाल झाक येते. म्हणजे पौषाच्या यात्रेत ती चालेल, चैत्रातल्या यात्रेत सगळ्यांना कावीळ. इन्स्टॅक्सला चाळीस अंशांपर्यंत चालतं म्हणतात, पण आटपाडीच्या उन्हाळ्यात दुपारी गाडीत ठेवलेली फिल्म चाळिसावर थांबेल हे कुणी सांगावं? फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, असा सल्ला असतो. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. दर दहा फोटोंमागं प्लास्टिकची एक डबी कचऱ्यात जाते. पोलरॉइडच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या डबीत तर प्रत्येक वेळी नवी बॅटरी असते. आणि सगळा कारभार दोन कारखान्यांच्या मर्जीवर. १९८६ मध्ये पोलरॉइडशी पेटंटचा खटला हरल्यावर कोडॅकनं आपली झटपट फिल्म बंद केली, तेव्हा लोकांच्या घरी असलेले दीड कोटीवर कॅमेरे एका दिवसात डबडी झाले. २०१६ मध्ये फुजीनं सोलून काढायची फिल्म बंद केली, ती वापरणारे कलावंत आर्जवं करत राहिले. हे सगळं बघता या छंदाला 'कंपन्यांपासून सुटका' वगैरे म्हणणं विनोदी आहे.

पण सर्वांत जड आक्षेप मला तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओवाल्यानं ऐकवला. त्याच्याकडं बसून मी ही सगळी थिअरी मांडत होतो. तो कुणा पोरीचे भरतीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो छापत होता. शांतपणे म्हणाला, "सर, माणूस गेलं की घरचे आमच्याकडं येतात. फोटो मोठा करून द्या, म्हणतात. म्हातारीचा दुसरा फोटोच नसतो, आधारसाठी नाहीतर बँकेसाठी काढलेला असतो तो. त्यातनं मागचा पडदा काढतो, कपाळाला कुंकू लावतो, पदर घेतो, फ्रेम करून देतो. फाइल मी ठेवली म्हणून जमतं. तुमच्या ह्या कार्डाचं काय करू?"

याला माझ्याकडं उत्तर अर्धंच होतं. झटपट फोटो मोठा होत नाही. म्हणजे स्कॅन करून होतो, पण खोंड विरघळतो तिथं म्हातारीच्या सुरकुत्या काय टिकणार. स्टुडिओवाला निगेटिव्ह ठेवून घेतो, फाइल ठेवून घेतो, ती त्याची मालकी कमी आणि गावाची सोय जास्त. ज्या माणसाला वीस वर्षांनी तुम्ही पुन्हा दिसणार आहात त्यानं तुमचा चेहरा ठेवला तर बिघडत नाही. जो उद्या गाडीत बसून पुण्याला निघून जाणार आहे, त्यानं ठेवू नये. माझ्या म्हणण्याला ही मर्यादा घालायला मी तयार आहे. गावच्या फोटोग्राफरला या फिल्मची गरज नाही. गरज आहे ती बाहेरून येणाऱ्याला: यात्रा बघायला येणारा, वारीचे फोटो काढायला लेन्स घेऊन येणारा, दुष्काळावर प्रकल्प करणारा विद्यार्थी, मी. अशा माणसानं मोठ्या कॅमेऱ्यासोबत हा खेळण्यातला कॅमेराही घ्यावा आणि ज्याचे दहा फोटो न्यायचे त्याला एक द्यावा, मोबाइलवर उतरवून न घेता. मुंबईत गेटवेवरचे फोटोवाले हा नियम पोटासाठी पाळतात. पिशवीत छोटा प्रिंटर असतो, फोटो काढला की तिथल्या तिथं हातात. त्यांना कुणी कलावंत म्हणत नाही.

आणि लग्नातल्या त्या वहीचं सांगायचं तर तिथं दोन फोटो काढावेत. एक वहीत, एक पाहुण्याला. माणशी साठ-सत्तर रुपये जास्त. स्टुडिओवाल्यासमोर हे बोललो तेव्हा त्यानं हातातलं काम थांबवून हिशेब केला. "चारशे पाव्हणे धरले तर पंचवीस-तीस हजार झाले की, सर. ड्रोन कॅन्सल करायला सांगणार का नवरदेवाला?"

मी म्हटलं, सांगून बघा.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला, आणि पोरीला हनुवटी खाली घ्यायला सांगून दुसरा फोटो काढला, कारण पहिल्यात तिचा एक कान दिसत नव्हता आणि भरतीच्या अर्जाला दोन्ही कान लागतात.